उरलेला रंग

पांढऱ्याचे अकरा प्रकार मी झाकण उघडताच ओळखतो.
बायको म्हणते, घरच्या भिंतीला त्यातला एकही लागला नाही.

गरवारे पॉइंटच्या मागे आमचं शेड.
सोमवारी सकाळी क्रेनने उतरवली ती :
जर्मन, दीड कोटीची,
निळी म्हणावी तर हिरवी,
उन्हात गेली की मोराच्या गळ्यासारखी पलटणारी.
चार थर असतात त्याला. प्रायमर, गडद बेस, मोती,
आणि वर काचेसारखं पाणी.
चारही मिळून दोन केसांएवढे जाड.
त्या दोन केसांसाठी माणसं पार्किंगमध्ये
शेजारच्याच्या दाराकडे संशयाने बघतात.

बॉनेट दुमडलेलं होतं,
घाईत उठलेल्या पंगतीतल्या पत्रावळीसारखं.
एअरबॅगा लोंबत होत्या.
आत अत्तराचा वास, त्याखाली द्राक्षाचा, आंबलेला.
वडनेरे मॅनेजर म्हणाला, वास लिहायचा नसतो.

सर्व्हेअर कुलथे लिहीत होते :
दुभाजकाला धडक. इतर वाहन, नाही. इतर व्यक्ती, नाही.
हेडलाइट, एक नग, चार लाख दहा हजार.
अशा आकड्यांना माझ्या पगाराने भागणं
मी केव्हाच सोडून दिलंय.

आठशे नंबरचा पेपर, मग्गाभर पाणी,
मी बंपर घासायला बसलो.
कडेच्या खाली बोटभर लांब ओरखडा.
दुभाजकाचा असता तर काळा-पिवळा असता.
हा रंग कुठल्याच कार्डावर नाही.

मला माहीत आहे, कारण तो मी केलाय.

शनिवारी डब्यांच्या बुडाशी जे राहतं
ते सगळं मी डालड्याच्या जुन्या डब्यात ओततो.
डॉक्टरीणबाईंची चंदेरी, बिल्डरचा राखाडी,
एका नवरदेवाचा लाल, जो पुण्याहून मागवावा लागला होता.
ढवळलं की वांग्यासारखं काहीतरी होतं,
मध्येच चमकणारं, बिननावाचं, बिननंबराचं.
दिवाळीआधी तो डबा निंबाला दिला,
सोमेश्वरच्या अलीकडे कणसं भाजतो त्याला.
त्याने ब्रशने फासला हातगाडीला, ओघळ तसेच ठेवले,
म्हणाला, घे, आता आपलीबी इंपोर्टेड.

पेपर हातात ओलाच.
एकदा हात फिरवला असता तर गेलं असतं.
आमचं कामच ते :
झालेलं, झालंच नाही असं करून देणं.
वीस वर्षं केलं. बिल पण दिलं.

जेवणाच्या सुट्टीत गाडी काढली.
सोमेश्वरच्या अलीकडे राख होती,
आणि नाल्यात एक चाक, वर तोंड करून.
नारळवाली म्हणाली, सिव्हिलला आहे तो.
मांडीत सळई घातली. शुद्धीत आहे,
कणसांचे पैसे कुणाकुणाकडे राहिलेत ते मोजतोय.

परत आलो तेव्हा कुलथे चहा पीत होते.
म्हटलं, साहेब, हे बघा जरा.
ते वाकले, चष्मा कपाळावर चढवला.
वडनेरे माझ्याकडे बघत होता
महिनाअखेरीच्या कॅलेंडरकडे बघावं तसा.
"कंपनीच्या यादीत आहे का हा शेड?"
नाही, म्हटलं. माझ्या यादीत आहे.
मग सांगितलं सगळं, डालड्याच्या डब्यापासून.
मध्ये मध्ये अडखळलो.

त्यांनी पेन काढलं. खिशात ठेवलं. परत काढलं.
फोटो घेताना म्हणाले, सावलीत धर, चमक येतेय.
मी म्हटलं, उन्हातच घ्या.
सावलीत तो नुसता मळ दिसतो.

काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.
बंपर मी उतरवून कपाटामागे ठेवलाय, जुन्या चादरीत,
आणि वडनेरे दोनदा विचारून गेला.

आज शनिवार.
मोरपिशी मोजून तयार ठेवलाय, वाटीभर जास्तच झालाय.
डालड्याचा डबा उघडाच आहे.
अजून ओतला नाही.